गावच्या नाटकात बिनधास्त, इंग्रजी सेमिनारला मात्र घसा कोरडा. काय करावे?

डिचोलीची_पोर

नमस्कार मंडळी. एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज उत्तर गोव्यातलेच, नाव नको. पुढच्या महिन्यात सेमिनार आहे. पंधरा मिनिटे इंग्रजीतून बोलायचे, मग पाच मिनिटे प्रश्न. मार्क इंटर्नलला धरतात.

विषय मीच मागून घेतला: लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर आमच्या भागातल्या ट्रकमालकांच्या कर्जांचे काय झाले. विषय घरचा आहे. बाबांचे दोन ट्रक होते. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद झाल्या तेव्हा मी चौथीत होते, ट्रक अंगणात उभा राहिला म्हणून आम्हा पोरांना खेळायला मिळायचे, इतकेच कळत होते. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केल्या तेव्हा मी नववीत होते आणि तेव्हा सगळे कळत होते. बँकेचा माणूस घरी येऊन गेला की आई जेवायला वाढायची पण स्वतः बसायची नाही. एक ट्रक त्याच वर्षी विकला.

म्हणजे सांगण्यासारखे भरपूर आहे. अडचण वेगळीच आहे.

गेल्या सेमिस्टरला एक प्रेझेंटेशन दिले होते. सगळे लिहून काढून पाठ केले होते, घरी डोळे मिटून आठवत होते. उभी राहिले आणि हातातला कागद इतका फडफडायला लागला की तो टेबलावर ठेवावा लागला. तरी सुरुवात बरी झाली. मग मी 'डेब्ट' म्हणाले. मॅडमनी तिथल्या तिथे थांबवले, "डेट. बी सायलेंट." मागून कुणीतरी हसले. आता विषयच कर्जाचा, पुढच्या दर वाक्यात तोच शब्द! मी तो चुकवायला लागले, प्रत्येक ठिकाणी 'लोन' म्हणायला लागले, आणि असे करता करता पाठ केलेले एक वाक्य निसटले. एक निसटले तसे मागची सगळी निसटली. मग स्क्रीनवरचे वाचून दाखवले आणि अर्ध्यावर बसले.

आणि हीच मी दर वर्षी गावच्या जत्रेला नाटकात काम करते. यंदा खाष्ट आत्याची भूमिका होती. दुसऱ्या अंकात वीज गेली. जनरेटर चालू होईपर्यंत मी आणि समोरचा नट अंधारात पदरचे संवाद जोडत राहिलो आणि लोक पोट धरून हसत होते. समोर अख्खा गाव, बाहेरगावचे पाहुणे, भटजी, पंच, सगळे. तेव्हा काही झाले नाही. वर्गात जेमतेम तीस जण असतात.

'आत्मविश्वास ठेव' हे सोडून काहीही सांगा.

---

म्हापशेकर७८

यात काय अवघड आहे? इंग्रजी पिक्चर सबटायटल लावून बघ, रोज पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाच, आरशासमोर उभी राहून बोल. आमच्या वेळी यातले काही नव्हते तरी शिकलो. आत्मविश्वास ठेव, सगळे होते.

---

घुमट_आणि_शामेळ

काका, तिच्या पोस्टची शेवटची ओळ वाचा हो.

ताई, मीही त्याच नावेत. बी.एस्सी. आहे, सत्तरीतला. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) आत जायच्या आधी दोनदा बाथरूमला जावे लागते. आरती म्हणायला, घुमट वाजवायला बोलवा, रात्रभर थांबत नाही. माझा एक मित्र म्हणतो की हृदयाची धडधड कमी करणारी गोळी मिळते, परीक्षेच्या आधी तासभर घ्यायची, हात कापत नाहीत. कुणी घेतली आहे का?

---

काउंटरमागचा

मी औषधाच्या दुकानात असतो म्हणून हे आधीच सांगतो. तुझा मित्र बहुतेक प्रोप्रॅनोलॉलबद्दल बोलतोय. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारी गोळी आहे. नाडी मंद करते, रक्तदाब खाली आणते, आणि दमा असलेल्याला धोकादायक ठरू शकते. काही डॉक्टर अशा भीतीसाठी ती देतात हे खरे, पण तपासून देतात. मित्राच्या पाकिटातली उचलून घेऊ नकोस.

आणि दुसरे. नुसती धडधड वेगळी, आणि आठवडा आधीपासून जेवण जात नाही, झोप नाही, त्या दिवशी कॉलेजच बुडवावेसे वाटते, हे वेगळे. तसे असेल तर कॉलेजात समुपदेशक असतात त्यांना भेट. नाहीतर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, फुकट आहे, बोलता येते.

---

निवृत्त_बाई

बाय, माझी सगळी नोकरी फोंड्याच्या बाजूला कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेली. तुझ्यासारखी पोरे दर वर्षी समोर असायची. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

आधी डोक्यातून हे काढ की तुला इंग्रजी येत नाही. गोव्यातल्या आपल्या पोरांचे गणित महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमासारखे नसते. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, आणि मे महिन्याची सुटी संपली की पाचवीला बहुतेकांच्या दप्तरात सगळी पुस्तके इंग्रजी. पुढे काय होते ते तू भोगले आहेस. सर धडा इंग्रजीतून वाचतात, समजावतात कोंकणीतून, फळ्यावरचे उतरवायचे इंग्रजीतून, आणि शंका विचारायची झाली तर मराठीत नाहीतर कोंकणीत. पेपर मात्र पानेच्या पाने इंग्रजीत. तुझे डोळे आणि तुझा हात इतकी वर्षे इंग्रजीत वावरले आहेत, तोंडाला कुणी कामाला लावले नाही. 'डेब्ट' हा त्याचाच पुरावा. तो शब्द तू शेकडो वेळा वाचला असशील, लिहिला असशील, पण कुणाच्या तोंडून ऐकला नव्हतास. यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

आता भीतीचे. ही तुझी एकटीची नाही आणि आपल्या खेड्यातल्या पोरांचीही नाही. १९८६ साली अमेरिकेत इलेन हॉरविट्झ, मायकेल हॉरविट्झ आणि जोअॅन कोप या तिघांनी ती मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली केली. ती आजही जगभर वापरतात. त्यांच्यासमोर कोण होते ठाऊक आहे? विद्यापीठात स्पॅनिश शिकणारी अमेरिकन पोरे. इंग्रजी ज्यांची घरची भाषा तीच पोरे स्पॅनिशच्या वर्गात उभी राहिली की घामाघूम. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला भारी मजा वाटली होती, आणि वर्गात दर वर्षी सांगायचे. पोरांच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा.

त्या तिघांचे म्हणणे असे की या भीतीत तीन भीती मिसळलेल्या असतात: माणसांसमोर बोलण्याचीच भीती, परीक्षेची भीती, आणि समोरचा आपल्याला कमी लेखेल ही भीती. तुझ्या पोस्टला हे लावून बघ. पहिली तुला नाहीच, अंधारात अख्ख्या गावाला हसवणाऱ्या पोरीला ती कुठली? दुसरी आहे, इंटर्नलपुरती. खरी आहे ती तिसरी. आणखी एक त्यांनी लिहिले आहे ते मला फार पटते. आपल्या भाषेत शहाणासुरता असलेला माणूस परक्या भाषेत उभा राहिला की त्याचे शहाणपण दिसत नाही, तो पोरकट वाटायला लागतो, आणि ते त्याला स्वतःला आतून कळत असते. तू आत्याच्या भूमिकेत टोमणा मारतेस तो बाणासारखा जातो. वर्गात साधे वाक्य जुळवताना दम लागतो. ही जी तफावत आहे ना, ती टोचते. ज्याला आपल्या भाषेत बोलता येते त्याला जास्तच टोचते.

'डेब्ट'नंतर काय झाले तेही समजून घे. तुझे अर्धे डोके त्या शब्दावर पहारा द्यायला गेले. उरलेल्या अर्ध्या डोक्याने पाठ केलेले आठवायचे, पुढचे जुळवायचे आणि मागे कोण हसते ते बघायचे. कॅनडातल्या मॅकिंटायर आणि गार्डनर यांनी १९९४ साली हेच मांडले की भीती ऐकण्यापासून बोलण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर लक्ष खाते. म्हणजे वाक्य निसटले ते तुझी स्मरणशक्ती कच्ची म्हणून निसटले नाही.

आणि हात कापतात ते. तुला वाटते तेवढे ते लोकांना दिसत नाही. साविट्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली यावर प्रयोग केला. भाषण करणाऱ्यांपैकी काहींना आधीच सांगितले की तुमच्या मनातली घालमेल समोरच्याला तुम्हाला वाटते तितकी कळत नसते. ज्यांना हे सांगितले होते त्यांची भाषणे ऐकणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. बस, एवढे नुसते सांगितले होते! म्हणून तुलाही सांगून ठेवते. कागद तेवढा हातात धरू नकोस. एक पातळ कागद चुगली करतो, जाड पुठ्ठ्याचे कार्ड करत नाही.

आता मी तुला उलटा प्रश्न विचारते. जत्रेच्या नाटकाच्या तालमी किती दिवस चालतात? महिनाभर तरी असतीलच, रात्री जेवून झाल्यावर देवळाच्या मंडपात, उभ्याने, मोठ्या आवाजात, समोर चारदोन टवाळ पोरे बसलेली. आणि त्या प्रेझेंटेशनची तालीम? घरी डोळे मिटून, मनातल्या मनात. बरोबर ना? मनात म्हटलेले इंग्रजी फार सुरेख असते गं. जिभेवर आले की कळते कुठे ठेच लागते. तेव्हा उभी राहा, चपला घाल, आवाज काढ. बाबांना समोर बसव. इंग्रजी त्यांना सगळे कळणार नाही, पण ओअर, ट्रिप, जेटी, बार्ज, रॉयल्टी, लीज, हप्ता थकला, हे सगळे कळेल, आणि आकडा चुकला तर तुला तिथल्या तिथे पकडतील. तुझ्या मॅडमपेक्षा ते कडक परीक्षक ठरतील या विषयात.

तुझ्या विषयात वारंवार येणारे शब्द काढ. मॉरटोरियम, डिफॉल्ट, कोलॅटरल, सब्सिडी, इन्स्टॉलमेंट, असले. मोबाइलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचे चिन्ह असते ते दाबून ऐक आणि मागोमाग मोठ्याने म्हण. बाकी उच्चाराचा ध्यास सोड. आपण गोंयकार इंग्रजी बोलतो ते आपल्या ठेक्यात बोलतो, आणि ते बीबीसीसारखे असायला हवे असे कुठल्याही परीक्षेत लिहिलेले नाही. समोरच्याला समजले म्हणजे झाले.

स्लाइडवर परिच्छेद टाकू नकोस. टाकलेस की डोळे तिकडेच जातात आणि तू वाचायला लागतेस, वर्ग जांभया द्यायला लागतो. आकडे आणि साले तेवढी ठेव.

राहिल्या तुझ्या मॅडम. बोलणाऱ्याला मध्येच टोकणे ही शिकवण्याची रीत नाही, ती सवय असते, आणि चांगल्या शिक्षकांनाही असते. आधी जाऊन भेट आणि सरळ सांग, "मॅडम, माझे चुकलेले उच्चार लिहून ठेवाल का? शेवटी सगळे एकदम सांगा." माझ्याकडे अशी पोरे यायची. कुठल्याही मास्तराला राग येत नाही, उलट बरे वाटते.

---

पेडण्याचा_राजा

बाईंनी सगळेच सांगितले, मी एकच जोडतो. मी हौशी दशावतारात राजाची कामे करतो आणि पोटासाठी वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटीत आहे.

बहीण, तू नाटकवाली, म्हणून तू सेमिनारही नाटकासारखा पाठ केलास. पण नाटकात विंगेत प्रॉम्प्टर असतो. समोरच्या नटाने दिलेल्या वाक्यावर तुझे वाक्य उभे असते. वर्गात यातले काय होते तुझ्याकडे? पाठांतर तेवढे घेतलेस आणि आधार सगळे घरी ठेवून गेलीस.

आमच्याकडे संहिताच नसते. रंगायला बसलेलो असताना मालक आख्यान सांगतो: तू अमक्या देशाचा राजा, तुला मूल नाही, राणीचे कान कुणी भरले, ऋषी कुठे भेटतो, युद्ध कुणाशी, शेवट कसा. बस्स. पेटी आणि मृदंग सुरू झाला की बाहेर जायचे. संवाद ज्याचे त्याने करायचे. एखादे वाक्य विसरलो असे दशावतारात होतच नाही, कारण विसरायला वाक्य असावे लागते ना! रस्ता ठाऊक असतो, पाय कुठे टाकायचा ते त्या रात्री ठरते. समोरच्याने लांबवले तर आपण आवरते घ्यायचे.

कंपनीत परदेशी ऑडिटर येतात तेव्हा मला इंग्रजीतून उभे राहावे लागते. सुरुवातीला मीही सगळे लिहून घोकत होतो. आता आख्यान बांधतो. कार्डावर पाच-सहा शब्द, बाकी तोंडाला येईल तसे. व्याकरण चुकते. ऑडिटरला व्याकरणाशी देणेघेणे नसते, त्याला बॅचचा नंबर हवा असतो.

तुझे आख्यान तर तयारच आहे. आधी ट्रक कसे घेतले, कर्ज कुणी दिले. मग २०१२. मग २०१४ साली कोर्टाने बंदी उठवली तेव्हा लोकांना काय वाटले, कुणी पुन्हा कर्ज काढले. मग २०१८. मग आज कोण कुठे आहे. हे तू विसरूच शकत नाहीस. वीज गेली तेव्हा अंधारात काय केलेस? पदरचे जोडलेस. तेच कर.

---

निवृत्त_बाई

राजे, हे मला सुचले नसते. फक्त माझी एक दुरुस्ती. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य तिने पाठच करावे. धडधड सगळ्यात जास्त असते ती सुरुवातीला, तेव्हा तोंडाला येईल तसे म्हटले तर काहीच येत नाही. आणि शेवट ठरवलेला नसला की पोरे "सो... दॅट्स इट" म्हणून पळतात.

---

पेडण्याचा_राजा

मान्य. आमचीही सुरुवात ठरलेलीच असते म्हणा. गणपती, सरस्वती, संकासुर. आख्यान त्यानंतर.

---

मडगावची_एक

मी वेगळ्या बाजूने लिहिते. मी पहिल्यापासून इंग्रजी माध्यम. माझ्यासारखीच पोरे तुमच्या वर्गात मागे बसून हसतात असे तुम्हाला वाटत असेल, म्हणून.

एक तर आम्हालाही भीती वाटते. भाषेची नाही, पण वाटते. माझ्या वर्गात फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा प्रेझेंटेशनच्या दिवशी तापाचे सर्टिफिकेट आणतो. फक्त आमची भीती झाकली जाते, कारण चुकले तरी चूक 'भाषेची' दिसत नाही. लोक म्हणतात तयारी नव्हती. तुमचे चुकले की म्हणतात इंग्रजी येत नाही. हा अन्याय आहे आणि तो मला मान्य आहे.

दुसरे, माझी आजी मराठी कीर्तनाला नेते तेव्हा बुवांनी मला काही विचारले तर माझी अगदी हीच अवस्था होते. मराठी समजते, वाचते, हे इथे टाइपसुद्धा करते (आईने तपासून दिले आहे, लपवत नाही). पण चार माणसांत मराठीत बोलायचे म्हटले की मी "आजी, तू सांग ना" म्हणून तिच्या मागे सरकते. तेव्हा मागून कुणी हसले तर कसे वाटते ते मला ठाऊक आहे.

आणि तो जो हसला, तो कदाचित 'डेब्ट'ला हसला नसेल. मागच्या बाकावर मोबाइल असतात. पण तुझे दुःख कमी करायला म्हणून हे सांगत नाही, कदाचित हसलाही असेल मेला.

---

म्हापशेकर७८

बरे बाबा, माझा पिक्चरचा सल्ला मागे घेतो. अग्रलेख मोठ्याने वाचण्याचा मात्र नाही घेत, बाईंनीही आवाज काढ असेच सांगितले आहे.

---

निवृत्त_बाई

त्यात तुम्ही बरोबर आहात.

---

डिचोलीची_पोर

सगळ्यांना देव बरे करूं. बाई, चहा दोनदा झाला.

काल रात्री बाबांसमोर उभी राहिले. इंग्रजीतूनच बोलले. ते आधी हसले, मग कान देऊन ऐकायला लागले, आणि मध्येच म्हणाले, "सरकारने कर्जफेडीसाठी योजना काढली होती ती घातलीस का? त्यात अमक्या बँकेची कर्जे बसली आणि तमक्यांची नाही." ते माझ्या कागदात नव्हतेच! आता त्याची कागदपत्रे शोधते आहे. 'डेट' बरोबर म्हटले, पण मग 'डाउट'मध्ये बी म्हणतात की नाही याचाच घोळ झाला. (नाही म्हणत. ऐकून घेतले.)

मॅडमना भेटले. लिहून ठेवीन म्हणाल्या. मला वाटले होते त्यापेक्षा बऱ्या वागल्या.

आता उरली ती शेवटची पाच मिनिटे. बोलणे आख्यानासारखे जमेल असे वाटते. पण प्रश्न मी बांधलेले नसतात. बाहेरचे एक सर परीक्षक म्हणून येणार आहेत, ते भराभर बोलतात म्हणे. प्रश्नच कळला नाही तर?

---

निवृत्त_बाई

प्रश्न न कळणे हा गुन्हा नाही, पण गप्प उभे राहिले की तसा दिसतो. म्हणून दोनतीन वाक्ये जिभेवर बसवून ठेव, ही मात्र घोकूनच ठेव. "सॉरी सर, कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?" हे एक. परत सांगूनही अर्धेच कळले तर, "सर, आर यू आस्किंग अबाऊट द लोन्स ऑर अबाऊट द स्कीम?" म्हणजे तू दोन दारे उघडून देतेस आणि तो एकातून आत येतो. बहुतेक परीक्षक दुसऱ्यांदा विचारताना आपोआप सावकाश आणि सोपे बोलतात. आणि आकडा ठाऊक नसेल तर, "आय डोंट हॅव दॅट फिगर विथ मी, सर." सरळ. अंदाजे आकडा ठोकून देऊ नकोस, पुढचा प्रश्न त्याच आकड्यावर येतो.

प्रश्न ऐकल्यावर लगेच तोंड उघडायची घाई नको. पाण्याची बाटली जवळ ठेव, एक घोट घे. तुला तो वेळ तासासारखा वाटेल, समोरच्यांना काहीच वाटत नाही.

प्रश्नांचीही तालीम करता येते. तीन मैत्रिणींना सांग, बोलणे संपले की प्रत्येकीने एक तरी आडवा प्रश्न टाकायचाच. जिला तुझा विषय अजिबात ठाऊक नाही ती सगळ्यात चांगले प्रश्न विचारते. आणि उत्तर अगदीच अडले, तर "सर, मे आय एक्स्प्लेन धिस इन कोंकणी?" असे विचारायला हरकत नाही. गोव्यातले परीक्षक असतील तर बरेचदा हो म्हणतात. फक्त पहिल्याच प्रश्नाला विचारू नकोस.

त्या दिवशी वर्ग रिकामा असताना आधी जाऊन पेनड्राइव्ह लावून बघ. अर्धी धडधड त्या प्रोजेक्टरची असते.

---

मडगावची_एक

खाणींबद्दल मला शून्य माहिती आहे, म्हणजे बाईंच्या हिशोबाने मी चांगली. रविवारी गूगल मीट करूया का? तू बोल, मी ऐकते आणि प्रश्न टाकते, भराभर, त्या सरांसारखे. बदल्यात तू माझ्याशी अर्धा तास मराठीत बोलायचे, आणि मी चुकले की मध्ये टोकायचे नाही.

---

घुमट_आणि_शामेळ

मलाही घ्या. माझा व्हायव्हा पुढच्याच आठवड्यात आहे.

---

डिचोलीची_पोर

चालेल. रविवारी संध्याकाळी पाचनंतर ठेवा, दुपारी आमच्याकडे नेटवर्क नसते. लिंक दोघांनाही मेसेजमधून पाठवते.